मातीची पारख
मडके तडकू नये म्हणून कुंभारदादा मातीत राख व लीद कालवितो, ती तुडवितो, चाकावर चढवितो, थापटण्याने ठोकतो आणि भाजतो. तेरच्या गोरोबाकाकांनी ह्याच थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवास कच्चे मडके ठरविले, अशी कथा आहे. म्हणजे संतांची पारख पोथीवाल्याने नव्हे, कष्टकऱ्याने केली! आज लग्नात त्याचीच मडकी पूजतात, गणपतीही त्याच्याच हातून घडतो. मग त्यात प्राण घालण्याची दक्षिणा दुसऱ्याने का घ्यावी? जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटजीवाचून लग्न लावून दाखविले. तेव्हा धीर धरा. दक्षिणेचा पैसा पाटीपुस्तकास लावा आणि मुलामुलींस शाळेत धाडा. माती ओली आहे तोवरच घडते; भाजल्यावर आकार बदलत नाही.