रेडिओच्या तोंडावरचं कापड

आज मी तुमच्याशी हातरुमालाएवढ्या एका कापडाबद्दल बोलणार आहे. जुन्या रेडिओच्या तोंडावर, स्पीकरपुढं ताणून बसवलेलं असतं ना, ते कापड. त्यापायी मी एकदा आईला रडवलं आहे.

आमचं घर अंबडचं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. साठच्या दशकात वडिलांनी मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ आणला. ठाण्याच्या कारखान्यातला. देवघराशेजारच्या फळीवर त्याची जागा ठरली, भिंतीवर जाळीची एरियल ताणली गेली आणि पोस्टात जाऊन लायसनचे पैसे भरणं सुरू झालं. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की निम्मी गल्ली आमच्या ओसरीवर असायची.

त्या कापडाची कामं दोन. आतला आवाज बाहेर जाऊ द्यायचा आणि बाहेरची धूळ आत जाऊ द्यायची नाही. स्पीकरचा कोन कागदी असतो, त्याला जपावं लागतं. आता चाळीस वर्षं धूळ अडवणाऱ्या कापडाची काय दशा होणार? चुलीचा धूर, उदबत्तीचा धूर, कापूस वेचणीच्या दिवसांतली तुसं, सगळं त्यानं अंगावर घेतलं. शिवाय दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा वडील रेडिओलाही हळदीचं बोट लावायचे. तेही कापडावरच.

वडील गेल्यानंतरची गोष्ट. आईला बरं वाटावं म्हणून मी एका दुपारी धुण्याच्या पावडरीचं पाणी आणि ब्रश घेऊन बसलो. पाणी लागताच हळदीचे पुसट डाग लाल झाले. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. पुढं कापड आक्रसलं, सरस सुटला आणि वाळल्यावर कडेनं तपकिरी रेघ उमटली. आई एवढंच म्हणाली, "ती बोटं ह्यांची होती रे."

जालन्यात रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्याकडं सेट नेला. ते रागावले नाहीत. शेजारचा दुसरा सेट पुढं ओढून त्यांनी मला सगळं करून दाखवलं. तेच आज सांगतो.

आधी वायर काढायची. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशे-अडीचशे व्होल्ट खेळत असतात आणि वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. म्हणून आतली यंत्रणा आणि स्पीकर जाणत्या माणसाकडूनच बाहेर काढून घ्यावा. स्पीकर जागेवर असताना कापडाला पाणी लावलं तर कागदी कोन भिजतो.

मग कोरडी सफाई. मऊ ब्रशनं, धाग्याच्या दिशेनं, हलक्या हातानं. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून कमी जोरावर फिरवावा. पुष्कळदा एवढ्यावरच कापड उजळतं आणि तिथंच थांबणं शहाणपणाचं.

तरी मळ उरला तर पांढऱ्या कापसाचा ओला बोळा एका कोपऱ्याला टेकवून पाहायचा. बोळ्याला रंग लागला तर पाण्याचा नाद सोडायचा. नाही लागला तर रिठ्याचा फेस करायचा. पैठणी जपणाऱ्या बायकांना रिठा सांगायला नको. पाणी नाही, नुसता फेस घ्यायचा. घासायचं नाही, टिपायचं. एकाच डागावर जोर केला तर मळ ओलाव्याबरोबर सरकतो आणि कडेला जाऊन रेघ होतो. म्हणून सगळं कापड सारखंच ओलसर करायचं आणि फळी आडवी ठेवून सावलीत वाळवायचं. फळीवरून कापड सोलायचं नाही. जुना सरस पाण्यानं सुटतो आणि सुटलेलं कापड आक्रसलं की पुन्हा मापात बसत नाही.

पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी फेंडर गिटार-अँप्लिफायरच्या खोक्यांवर जाड सुती कापड मढवलेलं असे. ते जमवणारे शौकीनही त्यावरचे जुने डाग काढावेत की राहू द्यावेत, याचा घोर लावून घेतात. म्हणजे हा घोर काही फक्त अंबडचा नाही.

आमचं कापड मात्र हातचं गेलं होतं. नवं बसवणं भाग पडलं. त्याचीही परीक्षा त्या गृहस्थांनीच शिकवली. कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची. फुंकर सहज पार गेली तर आवाजही जाईल. दुकानात तीन कापडं फुंकून चौथं घेतलं, तेव्हा दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला.

पुढच्या दसऱ्याला आईनं रेडिओपुढं ताट ठेवलं आणि मला हाक मारली. मी हळदीचं बोट लाकडी खोक्याला लावायला गेलो. आता कापडाला हात लावायचं धाडस नव्हतं. आईनं माझं मनगट धरून बाजूला सरकवलं.

"तिथं नाही," ती म्हणाली, "कापडाला लाव. ते तिथंच लावायचे."

ते बोट अजून आहे. धूळ मी दर दिवाळीला झटकतो. ब्रश तेवढी जागा सोडून फिरतो.