तिनास चारांनीं भाग

मुलुंडच्या एका वर्गांत मी वर्षानुवर्षें सांगत असें, "३ ला ४ नें भाग जात नाहीं." एकदां एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आई ३ भाकऱ्या आम्हां चौघांत रोज वाटते कीं!" मी खजील झालों. भाग जातो; वस्तु मात्र मोडावी लागते. ३ चे ३० दशांश केले, कीं ४ नें ७ चा भाग लागतो. उरलेल्या २ चे २० शतांश, त्यांत ५. उत्तर ०·७५, म्हणजे आमच्या आजीच्या पाऊणकींतील पाऊणच.

"मग १ रुपया तिघांत?" तिनें लगेच विचारलें. १९५७ पूर्वीं रुपयाच्या १९२ पै होत. प्रत्येकीं ५ आणे ४ पै बिनतक्रार मिळत. दशमान पैशांत मात्र ३३ पैसे देऊन १ उरतोच. तो कोणास द्यावा, हें मी तिला अद्याप सांगूं शकलों नाहीं.