बाहुलीचा चेहरा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, "बालविहारात बोलायचे आहे की मोठ्यांपुढे?" त्यांचा प्रश्न अगदीच अस्थानी होता असे नाही. काल याच व्यासपीठावरून पाणीप्रश्नाचा ऊहापोह झाला, उद्या राज्यघटनेवर व्याख्यान व्हावयाचे आहे. या दोहोंच्या मध्ये केस पिकलेल्या गृहस्थाने उभे राहून बाहुल्यांविषयी बोलावे, हे थोडे विपरीत खरेच. परंतु गेली काही वर्षे आम्ही हा छंद मनापासून केला आहे. त्यात काही साधले आहे आणि एक गोष्ट कायमची बिघडलीही आहे. ते दोन्ही आपल्यापुढे ठेवावे, एवढ्यासाठीच आम्ही हे निमंत्रण स्वीकारले.

प्रथम हा छंद म्हणजे काय ते सांगतो. भातुकलीतली बाहुली आपण सर्व जाणतो. तिचे लग्न लागते, वरात निघते, रुसवेफुगवे होतात आणि यथाकाळ ती माळ्यावर जाते. आमच्या छंदातल्या बाहुल्या निराळ्या. त्या कल्पित विश्वातल्या असतात. कोणी परी, कोणी जलकन्या, कोणी शिंगे असलेली वनदेवता. मॅटेल या अमेरिकन कंपनीने २०१० साली 'मॉन्स्टर हाय' नावाच्या बाहुल्या बाजारात आणल्या, त्यांत सगळी भुताखेतांची लेकरे आहेत. ड्रॅक्युलाची मुलगी आहे, लांडगामानवाची मुलगी आहे, फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाची अंगभर टाके घातलेली मुलगी आहे. जपानात व्होक्स या कंपनीने १९९९ साली 'सुपर डॉल्फी' काढली. ती राळेच्या ओतकामाची, आत ताणलेल्या लवचीक दोरीवर सांधे फिरणारी, आणि मुद्दाम अशी घडवलेली की डोळे, केस, चेहऱ्याचा रंग सारे काही मालकाला बदलता यावे. छांदिष्ट माणूस अशी बाहुली घेतो, तिचा कारखान्यातला चेहरा पुसतो, नवा रंगवतो, केस बदलतो, कपडे शिवतो आणि शेवटी तिची छायाचित्रे काढतो.

"चेहरा पुसतो" हे शब्द उच्चारताना आमची जीभ किंचित अडखळते. का, ते पुढे येईलच.

आपल्या भाषेने बाहुलीला मोठा मान दिला आहे. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका, त्याला आपण डोळ्यातली बाहुली म्हणतो. दुसऱ्याच्या डोळ्यांत जवळून पाहिले की आपलीच इवलीशी प्रतिमा तेथे दिसते, म्हणून हे नाव. लॅटिन भाषेतही त्या ठिपक्याला लहान मुलीचे, बाहुलीचे नाव आहे. दोन दूरच्या भाषांना एकच कल्पना सुचावी, यात काही तथ्य असले पाहिजे. आणि या छंदातली सगळी कसोटी डोळ्यांतच असते. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीला अंगाचा रंग पुष्कळ हात देतात, पण डोळ्यांची आखणी मुरलेला कारागीरच करतो. बुबुळ केसभर सरकले की मूर्तीची नजर फिरते. अकरा इंची बाहुलीचा डोळा तर गव्हाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. तेथे चूक लपवावयाला जागा नाही.

आता कृती. बाहुलीचे मुंडके मऊ व्हिनाइलचे असते. ते काही वेळ गरम पाण्यात धरले की सैल होते आणि मानेवरून अलगद निघते. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन कापसाच्या बोळ्यावर घेऊन जुना रंग पुसावयाचा. हे ॲसिटोन मुंडक्याला सोसते, परंतु धडाच्या कडक प्लॅस्टिकला लागले तर ते विरघळते, म्हणून मुंडके आधी वेगळे केलेले बरे. मग ते साबणाने धुऊन वाळवावयाचे आणि त्यावर चमक नसलेल्या रोगणाचा फवारा मारावयाचा, कारण गुळगुळीत व्हिनाइलवर रंग धरत नाही. या फवाऱ्याची वाफ घातक असते. उघड्या हवेत, वाफ शोषून घेणारा मुखवटा चढवूनच हे काम करावे. नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

त्यानंतर खडूरंगाची भुकटी मऊ कुंचल्याने गालांवर, पापण्यांवर, ओठांच्या कडेला बसवतात. रेघा जलरंगाच्या टोकदार पेन्सिलीने काढतात. एक थर झाला की फवारा, वाळल्यावर पुन्हा थर, पुन्हा फवारा. असे पाच-सहा थर चढले म्हणजे चेहऱ्याला खोली येते. शेवटी डोळ्यांवर आणि ओठांवर चकचकीत रोगणाचा एकेक ठिपका, की नजर ओली दिसू लागते. शिंगे किंवा टोकदार कान हवे असतील तर नळाची गळती थांबवावयाला आपण घरोघर वापरतो ते एम-सील मळून घडवावे. ते दगडासारखे घट्ट होते. केस बदलावयाचे तर जुने उपटून, डोक्याच्या प्रत्येक भोकातून सुईने नायलॉनची नवी बट ओवावयाची. शेकडो भोके असतात. ज्याला चिकाटी नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तकातून कळत नाही, ती आपल्या पावसाळ्याने शिकवली. हवा दमट असली की फवाऱ्याचा थर वाळताना पांढरा पडतो, चेहऱ्यावर बुरशी आल्यासारखे दिसते आणि चार संध्याकाळींचे काम वाया जाते. म्हणून आमचे सारे रंगकाम मृगापूर्वी उरकते. पावसाळ्यात आम्ही शिवणकाम करतो.

आता जे बिघडले ते सांगतो. आमच्या थोरल्या भगिनी, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, त्यांच्याजवळ लहानपणची एक बाहुली होती. वडिलांनी मुंबईहून आणलेली. एका गालाचा रंग उडालेला, एक भुवई अर्धी गेलेली. दहा-बारा वर्षांपूर्वी, हात नुकताच बसू लागला होता तेव्हा, आक्कांच्या पंचाहत्तरीला ती नवी करून द्यावी असे आमच्या मनात आले. त्यांना न विचारता आम्ही ती पेटीतून काढली, चेहरा पुसला आणि महिनाभर खपून नवा रंगवला. काम उत्तम झाले होते, आजही आम्ही तसेच म्हणू. आक्कांनी बाहुली हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "छान रंगवलीस रे. पण ही माझी नव्हे." मग हळूच विचारले, "आधीच्या चेहऱ्याचा एखादा फोटो काढला होतास का?"

काढला नव्हता. तो उडालेला गाल आक्कांनीच वर्षानुवर्षे मुके घेऊन झिजवला होता, हे आमच्या ध्यानातच आले नाही. आम्ही दोष म्हणून जे पुसले ते त्यांचे बालपण होते. दुसऱ्याच्या वस्तूला सुंदर करण्याचा हक्क आपल्याला आपल्या कौशल्याने मिळत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून दोन नियम पाळतो. कोणाच्या आठवणीतली बाहुली विचारल्याखेरीज हाती घ्यावयाची नाही. आणि कोणतीही बाहुली असो, आधी छायाचित्र, मग ॲसिटोन.

छायाचित्राला या छंदात केवढे बळ आहे, याचा एक दाखला देतो. १९७२ साली अमेरिकेत केनर कंपनीने 'ब्लाइथ' नावाची बाहुली काढली. डोके धडाच्या मानाने फार मोठे, पाठीमागची दोरी ओढली की डोळ्यांचे रंग बदलत, असे चार रंग. मुलांना ती आवडली नाही आणि वर्षभरात तिचे उत्पादन थांबले. पंचवीस वर्षांनी, १९९७ साली, जीना गॅरन या न्यूयॉर्कच्या बाईंच्या हाती तशी एक जुनी बाहुली आली. त्या तिला जातील तेथे बरोबर नेऊ लागल्या आणि तिची छायाचित्रे काढू लागल्या. २००० साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि २००१ साली जपानच्या ताकारा कंपनीने ती बाहुली पुन्हा बाजारात आणली. कारखान्याने टाकून दिलेली वस्तू एका कॅमेऱ्याने परत आणली.

हे छायाचित्र काढणे सोपे नव्हे. माणसाच्या सहाव्या हिश्श्याएवढी बाहुली उभ्याने टिपली तर ती खेळण्यासारखीच दिसते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा लागतो, म्हणजे आपल्याला जमिनीवर पालथे पडावे लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात दूर्वांचे बेट तिच्यामागे बांबूच्या बनासारखे उभे राहते. पण पाणी दगा देते. पावसाचा थेंब बाहुलीसाठी लहान होत नाही, तो तिच्या गालावर लिंबाएवढा दिसतो आणि सारे सोंग उघडे पडते. ज्योतीचेही तसेच. निसर्ग आपली मापे कोणासाठी बदलत नाही, हे पालथे पडून समजते. एकदा पर्वतीच्या उतारावर आम्ही असे पडलेले पाहून एक सद्गृहस्थ पाणी घेऊन धावत आले होते. त्यांना काय सांगावे हे आम्हांला सुचेना!

कोणी म्हणेल, ही फसवणूकच नाही का? तर फसवणुकीचे खरे उदाहरण निराळे आहे. १९१७ साली इंग्लंडातल्या कॉटिंग्ले गावी एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोघी मावसबहिणींनी कागदावर पऱ्या काढून, कापून, टाचणीने झाडोऱ्यात रोवल्या आणि त्यांच्यासह छायाचित्रे काढली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी ती खरी मानून १९२० साली त्यांवर लेख लिहिला. कबुली आली १९८३ साली, तेव्हा दोघी आजीबाई झाल्या होत्या. त्या पऱ्यांचे सौंदर्य खोटे नव्हते, "या खऱ्या आहेत" हे म्हणणे खोटे होते. आम्ही तसे म्हणत नाही. नाटकातला राजा राजा नव्हे हे जाणूनच आपण टाळी देतो, तसेच हे.

दुसरा आक्षेप पोरकटपणाचा. ज्या महाराष्ट्राने पाध्यांच्या अर्धवटरावाला डोक्यावर घेतले, त्याने तरी हा आक्षेप घेऊ नये. पण त्याहून गंभीर उत्तर आहे. अमेरिकेत मार्क होगनकँप नावाच्या गृहस्थाला एप्रिल २००० मध्ये पाच जणांनी मरणप्राय मारले. तो नऊ दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा मागचे आयुष्य जवळजवळ सारे विसरला होता. चालणे, लिहिणे पुन्हा शिकावे लागले. उपचारांचे पैसे संपले तेव्हा त्याने घराच्या परसात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, सहाव्या हिश्श्याच्या मापाचे एक कल्पित गाव वसवले, 'मारवेनकोल'. त्यात बाहुल्या, स्वतःसारखा एक कप्तान, एक चेटकीणसुद्धा. त्या गावाच्या कथा तो छायाचित्रांतून सांगू लागला. बारीक काम करून हात स्थिर झाले, मनातली भीती आणि संताप यांना वाट मिळाली. २०१० साली त्याच्यावर माहितीपट निघाला. या माणसाला कोणी पोरकट म्हणेल काय?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. राळेच्या बाहुलीला हजारो रुपये पडतात, संग्रहाचा हव्यास जडला की घरात भांडणे होतात. आमचे सांगणे एवढेच की टाकलेल्यापासून आरंभ करावा. टास्मानियातल्या सोनिया सिंग या बाईंनी २०१५ साली हेच केले. भडक रंगवलेल्या जुन्या बाहुल्यांचे चेहरे पुसून त्यांनी साध्या, खेळकर मुलींचे चेहरे रंगवले, आणि त्यांच्या आईने लोकरीचे कपडे विणले. त्याच वर्षी इंग्लंडात रिबेका ॲटकिन्सन यांनी चळवळ सुरू केली, की अपंग मुलांना आपल्यासारखी खेळणी मिळावीत. कानात श्रवणयंत्र असलेली परी त्यांनी घडवली. स्वतः त्यांनाही कमी ऐकू येते. आपल्यासारखी बाहुली जगात आहे, एवढे कळणे लहान मुलाला थोडके नव्हे.

असो. आक्का आज आमच्यात नाहीत. ती बाहुली आमच्याकडे आहे. तिचा चेहरा आम्ही पुन्हा पुसून जुन्यासारखा का रंगवत नाही, असे कोणी विचारतात. उडालेला गाल आम्ही रंगवू शकू, झिजलेला नाही. ती तशीच काचेच्या कपाटात ठेवली आहे, आणि नवी बाहुली हाती घेताना प्रथम तिच्याकडे पाहावयाचे, असा परिपाठ आहे.

आपल्या घरी माळ्यावर एखादी पेटी असेल. या सुट्टीत ती उघडा, आतल्या बाहुलीचे आहे त्या अवस्थेत एक छायाचित्र काढा आणि ती कोणाची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. रंगाचे पुढे पाहता येईल.