बुर्गम्युलर: छोट्या हातांसाठी लिहिणारा संगीतकार

पियानो किंवा कीबोर्ड शिकत असाल, तर 'अराबेस्क' ही छोटीशी रचना कानावर पडली असेलच. नसेल, तर हा एपिसोड पॉज करा आणि यूट्यूबवर ऐकून या. दीडेक मिनिटाचं काम आहे.

आलात? तर ही रचना फ्रीडरिश बुर्गम्युलरची. जन्म १८०६, जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग. वडील संगीत दिग्दर्शक. पण घरातला हिरा म्हणजे धाकटा भाऊ नॉर्बर्ट. तो सिम्फनी लिहायचा, आणि १८३६ मध्ये वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी गेला. त्याच्या अंत्ययात्रेसाठी मेंडेल्सझोनने संगीत लिहिलं. शूमान तर म्हणाला, की शूबर्टनंतर इतका चटका लावणारा अकाली मृत्यू दुसरा नाही.

थोरला फ्रीडरिश तोवर पॅरिसला स्थायिक झाला होता. तिथे त्याने बॅलेसाठी संगीत दिलं. १८४१च्या 'जिझेल'मधल्या एका नाचात त्याचं संगीत आहे, आणि १८४३चा 'ला पेरी' तर पूर्ण त्याचाच. पण आज त्याचं नाव टिकलंय ते ओपस १०० मुळे. सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या २५ रचना. मुखपृष्ठावरच छापलं होतं, की या छोट्या हातांच्या आवाक्याचा विचार करून लिहिल्यात.

ही अट साधी नाही हं. लहान मुलाचा पंजा अख्खं सप्तक गाठत नाही. मग अराबेस्कची सुरुवात बघा: उजव्या हाताची धावपळ पाच सलग पट्ट्यांत मावते, डावा हात नुसता साथ देतो. पुढे तीच धावपळ डाव्या हाताकडे येते. म्हणजे व्यायाम दोन्ही हातांचा, पण मुलाला वाटतं आपण गाणं वाजवतोय! चेर्नीची बोटांची कवायत ज्यांनी केलीय, त्यांना यातला फरक कळेल.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्यांसाठी ट्युटोरियल लिहायला कोणी पुढे येत नाही. त्यावर प्रमोशन मिळत नाही ना! संगीताच्या इतिहासातही तसंच. मान नॉर्बर्टला, आणि 'सोपं लिहिणारा' हा शिक्का थोरल्याला. मला हा हिशोब पटत नाही. १८७४ मध्ये पॅरिसजवळ फ्रीडरिश वारला, आणि त्याचं पुस्तक अजून जगभरच्या क्लासेसमध्ये स्टँडवर उघडं असतं.

आता ऐकायचीच, तर बारावी रचना ऐका. नाव 'निरोप'. नावावरून संथ वाटेल, पण ती धाप लागल्यासारखी पळते. कशी वाटली ते कळवा. भेटू!