साखर वाढली की बुरशी फोफावते



आपण नाशिककडची माणसे. द्राक्षावरची भुरी आपल्याला नवी नाही. ती एक बुरशी. हवा ढगाळ झाली की वेलीवर फोफावते. माणसाच्या अंगातही बुरशी शिरते. ती निराळ्या जातीची. तिलाही सोयीची हवा लागते. रक्तात साखर वाढली की ती हवा तिला मिळते.

2021 साली करोनाची दुसरी लाट आली. तिच्या पाठोपाठ म्युकरमायकोसिस नावाचा रोग आला. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. नाशिक जिल्ह्यातही त्याचे रोगी सापडले. जूनअखेरपर्यंत देशात 40 हजारांवर माणसांना तो झाला. त्यांत शंभरातल्या सुमारे 64 जणांना मधुमेह होता. कित्येकांचे डोळे गेले. तीन हजारांवर माणसे दगावली.

ही बुरशी येते कुठून? ती मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात असते. तिचे बारीक कण वाऱ्याबरोबर सगळ्यांच्याच नाकात जातात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपल्या राखणदार. त्या हे कण मारतात. पण साखर फार वाढली की राखणदार ढिले पडतात. करोनात पुष्कळांना स्टिरॉइड हे औषध द्यावे लागले. त्याने जीव वाचले, पण साखरही वाढली.

मग करायचं काय? साखर ताब्यात ठेवायची. गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. बरं वाटलं म्हणजे साखर उतरली असं नव्हे. ती तपासल्यावरच कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या. शेणखत उपसताना नाकातोंडाला फडके बांधा. पावसाळ्यात पायांच्या बोटांत चिखल्या होतात. तीही बहुधा बुरशीच. तिथे चीर पडली की जखम चिघळते. म्हणून पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा.

एका बाजूचे नाक चोंदले, नाकातून काळपट पाणी आले, गाल सुजला, दात हलू लागले, डोळा दुखला, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. दुखणं अंगावर काढू नका. या रोगावर औषध आहे, शस्त्रक्रिया आहे. पण उशीर झाला तर डोळा जातो, जीवही जातो.

तपासणीच्या कागदावरचे आकडे आता तुम्हाला वाचता येतात. आपली साखर किती, ती किती असावी, हे डॉक्टरांना विचारा. तारीख घालून वहीत लिहा. पुढच्या खेपेला ती वही बरोबर न्या.