ओळख मतदाराची, दायित्व गावाचे



नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर मोझरी लागते. १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात खेड्यापाड्यांतून आलेला विराट जनसमुदाय दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी स्तब्ध होऊन मौन श्रद्धांजली अर्पण करतो. त्या समुदायात कोणी कोणास ओळखपत्र विचारीत नाही. श्रद्धांजली कितीही जणांनी वाहिली, तरी कोणाचे काही उणे होत नाही. मताचे मात्र तसे नाही. एकाच्या नावावर दुसऱ्याने मत दिले, की पहिल्याचा अधिकार त्या निवडणुकीपुरता लुटला जातो. म्हणूनच मतदान केंद्राच्या दारात ‘आपण कोण?’ हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. त्यात मतदाराचा अवमान नाही. त्याच्याच मताचे ते रक्षण आहे.

आपल्या निवडणूक पद्धतीत या रक्षणाची एक जुनी, सुंदर व्यवस्था आहे. मतदार केंद्रात आला, की पहिला मतदान अधिकारी त्याचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने उच्चारतो. समोर बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी ते ऐकतात. आलेली व्यक्ती ती नव्हे असे वाटल्यास अवघे दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. या पद्धतीमागील गृहीतक एकच, की गाव आपल्या माणसाला ओळखते. मोझरीसारख्या गावात ते आजही बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु अमरावतीच्या नव्या वसाहतींत, अकोल्यात, पुण्यात काय स्थिती आहे? तेथे वरच्या मजल्यावरील कुटुंबाचे आडनाव खालच्या मजल्याला ठाऊक नसते. जेथे शेजाऱ्याची साक्ष संपते, तेथे कागदाची साक्ष घ्यावी लागते. ओळखपत्राची आवश्यकता येथून उत्पन्न झाली.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळले, तर खऱ्या मतदाराला ‘प्रदत्त मत’ देता येते. पण ते मत पाकिटात बंद होते आणि सर्वसाधारण मोजणीत धरले जात नाही. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघाचा निकाल अवघ्या एका मताने लागला आणि अशाच प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ‘एका मताने काय होते?’ असे म्हणणाऱ्यांनी नाथद्वाऱ्याचे स्मरण ठेवावे.

ओळखीचा हा प्रश्न प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी असंख्य माताभगिनींनी आपले नाव सांगण्यास नकार दिला. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढीच नोंद त्यांनी करविली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती ग्राह्य धरली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. निर्णय कठोर होता. परंतु मतदार म्हणजे स्वतःच्या नावाने उभी राहणारी व्यक्ती, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. पुढे १९६२च्या निवडणुकीपासून बोटावरची न पुसणारी शाई आली. छायाचित्रयुक्त ओळखपत्राचा प्रयोग १९६० मध्येच कलकत्त्यात झाला होता. पण त्याला देशव्यापी रूप मिळाले ते १९९३ साली, टी. एन. शेषन यांच्या आग्रहामुळे. तेव्हा त्यांच्यावर हटवादीपणाचा आरोप झाला. ‘एवढ्या प्रचंड देशात हे अशक्य आहे’, असे अनेकांनी सांगितले. आज ते ओळखपत्र घरोघरी जपून ठेवलेले असते.

ते जवळ नसेल तर पारपत्र, वाहनचालक परवाना, आधार, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांसारखी पर्यायी कागदपत्रेही चालतात. ही उदारता लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रिटनने २०२२ साली कायदा करून छायाचित्रयुक्त ओळखपत्र बंधनकारक केले. मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत त्याची प्रथम अंमलबजावणी झाली, तेव्हा सुमारे १४ हजार नागरिक ओळखपत्राअभावी मतदानाविना परतले, असे तेथील निवडणूक आयोगानेच नमूद केले. अमेरिकेत हा वाद अद्याप राज्याराज्यांत धुमसतो आहे. भारताने मतदाराच्या हाती आधी विनामूल्य ओळखपत्र दिले आणि मग ते दाखविण्याची अट घातली. हा क्रम न्याय्य आहे. ज्याने अट घालावी, त्यानेच ती पूर्ण करण्याचे साधनही पुरवावे.

तथापि, ओळखपत्र हा शेवटचा दरवाजा आहे. मूळ यादीच सदोष असेल, तर दारावरचा पहारा काय कामाचा? ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात नव्या नोंदणीसाठी आलेल्या अर्जांपैकी सहा हजारांहून अधिक अर्ज पडताळणीत बनावट वा अपात्र ठरले आणि पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. ते अर्ज मंजूर झाले असते, तर खोट्या नावांना खरी ओळखपत्रे मिळाली असती! जानेवारी २०२५ मध्ये उशिरा झालेल्या जन्मनोंदणीच्या प्रमाणपत्रांच्या चौकशीसाठी राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील प्रमाणपत्रांचीही त्या वेळी मोठी चर्चा झाली. दोन्ही प्रकरणांचा बोध एकच. पायाचा कागद खोटा असेल, तर त्यावर उभी राहिलेली सर्व कागदपत्रे खोटी ठरतात. परकीय नागरिकाचे नाव यादीत येणे हा राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे आणि त्याबाबत शिथिलता असू नये. परंतु आक्षेप नेहमी विशिष्ट नावावर, पुराव्यासह आणि विहित नमुन्यातच घ्यावा. वस्तीकडे बोट दाखवून घेतलेला सरसकट संशय कायद्यात टिकत नाही. उलट खऱ्या तक्रारीचे बळ त्याने कमी होते.

२०२५ साली बिहारमध्ये मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. मृत, स्थलांतरित, दुबार नोंदलेले आणि पत्त्यावर न आढळलेले, असे त्यांचे वर्ग होते. या मोहिमेवर देशभर वादळ उठले. सर्वोच्च न्यायालयाने वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले आणि ओळखीसाठी आधार स्वीकारण्याचाही आदेश दिला. येथे दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. यादीची शुद्धी हवीच. पण ती उघड्यावर, सकारण आणि दाद मागण्याची संधी देऊन झाली पाहिजे. बनावट मत हा लोकशाहीचा अपराध आहे. खऱ्या मतदाराला दारातून परत पाठविणे हाही तितकाच मोठा अपराध आहे.

हा खरा मतदार कोण असतो? धारणी-चिखलदऱ्याचा कोरकू बांधव मजुरीसाठी मेळघाट उतरून परमुलखात जातो. पडताळणीसाठी अधिकारी येतात, तेव्हा त्याच्या घराला कुलूप असते. विवाहानंतर एखाद्या भगिनीचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. माहेरच्या यादीतून ती वगळली जाते आणि सासरच्या यादीत कोणी तिची नोंद करीत नाही. एकटे राहणारे वृद्ध आजोबा अर्ज भरू शकत नाहीत. यांपैकी कोणीही घुसखोर नाही. तरीही चाळणीतून प्रथम गळतात ते हेच.

आणि दुबार नाव कोणाचे असते? हा प्रश्न सुशिक्षित घरांनी स्वतःला विचारावा. मुलगा पुण्यात स्थायिक होतो, तेथे नवे नाव नोंदवितो आणि गावातील जुने नाव तसेच राहते. ‘असू द्या, काय बिघडले?’ असे घरातील वडीलधारेच म्हणतात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असता येत नाही. नोंदणीच्या वेळी जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. दुसऱ्याच्या दुबार नावाविरुद्ध मोर्चा काढण्यापूर्वी आपल्या घरातील दुबार नाव कमी करणे, ही स्वच्छतेची पहिली पायरी होय. गावाची झाडलोट आपल्या अंगणापासूनच सुरू करावी लागते.

राष्ट्रसंतांनी ग्रामगीतेत निवडणुकीचा विचार आवर्जून मांडला, कारण ग्रामराज्याचा भार त्यांनी ग्रामस्थाच्या खांद्यावर ठेवला होता. शासन यंत्रणा देईल, पण दक्षता गावालाच घ्यावी लागेल. त्यासाठी साधने उपलब्ध आहेत. नवीन नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी वा आक्षेपासाठी नमुना ७ आणि दुरुस्ती वा स्थलांतरासाठी नमुना ८. वयाची १८ वर्षे पूर्ण करण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक आहेत. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली, की तिचे ग्रामसभेत चावडी वाचन व्हावे. एकेक नाव उच्चारले जावे. मृतांचे नाव आले की घरच्यांनीच सांगावे, नवी सून राहिली असेल तर शेजारणीने आठवण करून द्यावी. मतदानाच्या दिवशी केंद्रात जे नाव मोठ्याने वाचले जाते, ते त्याआधी चावडीवर सर्वांसमक्ष वाचले गेलेले असावे.

एका कार्यकर्त्याने एका मतदान केंद्राची यादी घ्यावी आणि घरोघरी जावे. पाच अपात्र नावांवर आक्षेप घेतला, तर पाच पात्र पण वंचित नावांची नोंदही करून द्यावी. त्या पाचांत एखादा कोरकू मजूर असावा, एखादी सासुरवाशीण असावी, एखादे एकाकी आजोबा असावेत. मतदानाच्या दिवशी ते ओळखपत्र हाती घेऊन ताठ मानेने केंद्रात शिरतील आणि त्यांचे नाव मोठ्याने उच्चारले जाईल, तेव्हा त्या नावावर आक्षेप घेण्याचे कारण कोणापाशीही उरणार नाही.