लॅपटॉपच्या दोन निद्रा

बालाघाटचा एखादा शिक्षक पावसाळी रात्री प्रश्नपत्रिका अर्धी लिहून लॅपटॉप मिटतो. दोन दिवसांनी उघडून पाहतो, तो यंत्र निष्प्राण आणि लेखन नाहीसे! असे का व्हावे?

लिनक्स प्रणालीत निद्रेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिली ‘सस्पेंड’. तीत प्रोसेसर थांबतो, परंतु चालू काम रॅम या तात्पुरत्या स्मृतीतच राहते आणि ती राखण्यास बॅटरी हळूहळू खर्ची पडते. बॅटरी सरली की न साठविलेले सारे बुडाले. दुसरी ‘हायबरनेट’. तीत रॅममधील मजकूर डिस्कवरील ‘स्वॅप’ जागेत उतरतो. मग वीज मुळीच नसली तरी चालते.

ही दुसरी निद्रा मात्र पुष्कळदा आयती मिळत नाही. रॅम 8 गिगाबाइट असेल, तर स्वॅपही निदान तेवढी राखणे श्रेयस्कर. जागे होताना मजकूर कोठे शोधावा, हे अनेकदा ‘रिझ्यूम’ या निर्देशाने कर्नलला कळवावे लागते. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास अनेक वितरणांत कर्नल हायबरनेटला नकारच देतो.

म्हणून आधी सर्व काम साठवून एकवार परीक्षा घ्यावी. वैनगंगेकाठचा शेतकरी कणगी पाहिल्यावाचून तीत धान भरीत नाही. येथेही तेच शहाणपण हवे.